खाडीवर किंवा रुळांवर मोठा पूल बांधायचाय? बोअरपासून लोड टेस्टपर्यंत काय काय बघायचं

ठाणे-नवी मुंबईतल्या सिव्हिलवाल्याला पूल शिकायला लांब जायची गरजच नाही. वाशीच्या खाडीवर १९७३ चा पूल, त्याच्या शेजारी १९९७ चा, आता २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने चालू झालेला तिसरा, बाजूला १९९२ पासून लोकल नेणारा रेल्वेचा पूल, वरच्या अंगाला ऐरोलीचा १९९९ चा आणि खाली चिर्ल्याहून शिवडीला जाणारा अटल सेतू. पन्नास वर्षांत डिझाइन कसं बदललं ते एका संध्याकाळी गाडीवर फिरून दिसतं. हे लिहितोय ते पहिल्यांदाच पुलाच्या साईटवर रुजू होणाऱ्या ज्युनिअर लोकांसाठी आणि बिल्डिंगच्या कामातून इकडे येणाऱ्यांसाठी.

सुरुवातीलाच एक सांगतो. मोठ्या पुलाचं घोडं गर्डरपाशी क्वचित अडतं. ते अडतं दोन हद्दी जिथे मिळतात तिथे. रेल्वेची हद्द संपून पालिकेची सुरू होते तिथे, पाईल (जमिनीत खोलवर ओतलेला काँक्रीटचा खांब) संपून खडक लागतो तिथे, डिझाइनवाल्याचं ड्रॉइंग साईटवाल्याच्या हातात येतं तिथे. मध्ये कोण बघणार हे ठरलेलं नसतं, मग कोणीच बघत नाही. पुढच्या प्रत्येक टप्प्यात हेच शोधत रहा.

लेव्हल आधी, बाकी नंतर

अलाइनमेंट नकाशावर सगळेच काढतात, पण पुलाचा खर्च ठरतो उभ्या रेषेत. रुळांवरून जाणाऱ्या रोड ओव्हर ब्रिजचं साधं गणित बघा. अप्रोचचा चढ १:३० धरला आणि रेल्वेने ओएचईच्या, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या, वायरसाठी एक मीटर उंची जास्त मागितली, तर एका बाजूला ३० मीटर आणि दोन्हीकडे मिळून ६० मीटर रॅम्प वाढला. ठाण्यासारख्या गावात त्या ६० मीटरमध्ये दोन सोसायट्यांची गेटं, एक रिक्षा स्टँड आणि नाल्यावरचा कल्व्हर्ट येतो, म्हणजे प्रोजेक्ट दोन वर्षं कोर्टात. म्हणून रेल्वेकडून जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, ज्याला सगळे जीएडी म्हणतात, ते सही होऊन हातात येईपर्यंत अप्रोचच्या एकाही फाउंडेशनला हात लावू नका, वरून कितीही प्रेशर येऊ द्या.

अंधेरीचा गोखले पूल सगळ्यांना आठवतच असेल. ३ जुलै २०१८ ला त्याचा भाग रुळांवर पडला, नवीन पूल बांधला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली तेव्हा लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला फ्लायओव्हर आणि हा पूल एका लेव्हलला येतच नाहीत. शेवटी जुना फ्लायओव्हर जॅकवर उचलून जोडावा लागला. उचलण्याचं काम इंजिनिअरिंग म्हणून झकास झालं, त्यात वाद नाही, पण ती वेळ आली ती दोन हद्दींमधल्या एका आकड्यामुळे. साईट ताब्यात आली की पहिल्या आठवड्यात एकच बेंचमार्क पक्का करायचा आणि रेल्वे, पालिका, सल्लागार, ठेकेदार सगळ्यांच्या सर्व्हेअरला एकत्र उभं करून तो जॉइंट सर्व्हेवर सह्यांनिशी घ्यायचा. रेल्वेची लेव्हल आणि पालिकेची लेव्हल वेगवेगळ्या डेटमवर, म्हणजे मोजणीच्या वेगळ्या शून्य पातळीवर, असणं ही इकडे रोजची गोष्ट आहे.

खाडीवर असाल तर भरतीची सर्वात वरची पातळी आणि बोटींना लागणारी उंची-रुंदी मेरीटाईम बोर्डाकडून लेखी घ्या. नदी असेल, समजा उल्हास, तर पुराची पातळी आणि स्कोअर, म्हणजे पाण्याच्या वेगाने तळ किती खोल खरवडला जातो ते. आयआरसी ७८ (इंडियन रोड्स काँग्रेसचं पुलाच्या पायाचं कोड) प्रमाणे पिअरपाशी, म्हणजे मधल्या खांबापाशी, सरासरी स्कोअरच्या दुप्पट आणि अबटमेंटपाशी, म्हणजे टोकाच्या आधारापाशी, १.२७ पट खोली धरायची, आणि मातीतलं फाउंडेशन त्याच्याही खाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या बसेससकट. तेव्हा कागदावर "पाण्याने काय होतंय" म्हणणाऱ्याला हे नाव सांगा.

बोअरचे पैसे वाचवू नका

टेंडरच्या आधी खाली काय आहे ते बघायला बोअर, म्हणजे नमुना काढायची भोकं, मारतात ते बऱ्याचदा चार-पाच पिअर सोडून एक असे, आणि त्यावर पाईलची लांबी ठरते. आपल्याकडे खाडीत वर सागरी चिखल, त्याखाली मुरूम, मग कुजलेला बेसाल्ट, ब्रेक्सिया, टफ असं काहीही लागतं आणि पन्नास मीटरवर खडकाची पातळी पाच-सात मीटरने खालीवर होऊ शकते. म्हणून प्रत्येक पिअरला निदान एक बोअर, मोठ्या स्पॅनच्या पिअरला दोन, आणि खडक लागल्यावर पुढे काही मीटर आत जाऊनच थांबायचं. बोल्डरला खडक समजून बोअर बंद केलेले महाभाग भरपूर आहेत. कडक बेसाल्टखाली मऊ तांबडा थर निघतो तो तर आणखी फसवा.

बोअर चालू असताना तिथे उभे रहा. कोअरची पेटी उघडून हाताने तुकडे जोडून बघा, ड्रिलरला विचारा "दादा, पाणी कुठे गेलं, रॉड कुठे एकदम खाली सरकला?" ड्रिलरच्या या दोन उत्तरांत जे कळतं ते रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा नसतंच.

परवानग्या: इथे वर्ष जातं

यात शॉर्टकट नाही, त्यामुळे थोडक्यात. खाडी म्हटली की सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, आलं, कांदळवन आलं. २०१८ च्या निकालानंतर कांदळवन तोडायचं तर सार्वजनिक प्रकल्पालासुद्धा मुंबई हायकोर्टाची परवानगी लागते. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीतही आहे, त्यामुळे वनखातं वेगळं. कोळी बांधवांचा प्रश्न तर लोक शेवटी आठवतात. वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी नुकसानभरपाईचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं. माझं मत विचाराल तर बार्ज खाडीत उतरवायच्या आधीच गावातल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांसोबत बसा, जाळी कुठे लागतात, होड्या कुठून जातात ते नकाशावर मार्क करून घ्या. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, खाडीचा तळ आपल्या खोली मोजणाऱ्या बाथिमेट्रीवाल्यापेक्षा चांगला माहीत असतो.

बाकी ट्रॅफिक पोलिसांची एनओसी, महावितरण, हाय टेन्शन लाईन, गॅस, पाण्याच्या मोठ्या लाईन. जुन्या रस्त्याखाली काय आहे ते कुठल्याच नकाशावर पूर्ण नसतं, हाताने ट्रायल पिट खोदूनच रिग उभी करा.

स्पॅन कसा निवडायचा

साधारण अंदाज असा: २५ ते ४० मीटरला पीएससी (प्रीस्ट्रेस, म्हणजे ताणलेल्या केबलने आवळलेलं काँक्रीट) आय गर्डर स्वस्त आणि सगळ्यांना येणारं काम. त्याच्यावर साठ मीटरच्या आसपास सेगमेंटल बॉक्स, म्हणजे तुकडे जोडून केलेला पोकळ गर्डर. ६० च्या पुढे शंभर-सव्वाशेपर्यंत बॅलन्स्ड कँटिलिव्हर, दोन्ही बाजूला समतोल ठेवत पुढे जायचं. रुळांवर शक्यतो स्टील, कारण वजन कमी आणि ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून मिळणारी कामाची वेळ, कमी लागते. बोटींचा रस्ता किंवा खालच्या पाईपलाईन मोकळ्या सोडायच्या असतील तर आणखी मोठं. अटल सेतूवर अशा ठिकाणी १८० मीटरपर्यंतचे स्टीलचे स्पॅन आहेत, ऑर्थोट्रॉपिक डेक (खालून पट्ट्यांनी ताठ केलेला स्टीलचा डेक), जो आपल्या देशात तिथेच पहिल्यांदा एवढ्या प्रमाणात वापरला.

पण स्पॅन निवडताना एक प्रश्न आधी विचारा की हा गर्डर तिथे पोचणार कसा? घोडबंदर रोडवरून ४० मीटरचा गर्डर ट्रेलरवर न्यायचा तर वळणं बसतात का, रात्री किती वाजल्यापासून परवानगी, क्रेनला उभं रहायला जागा कुठे. डिझाइन ऑफिसात हा प्रश्न विचारला तर लोक तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील, बघू द्या.

रोड आणि रेल्वेच्या पुलात फरक काय हेही बरेच जण विचारतात. रस्त्याच्या पुलावर आयआरसी ६ चं लोडिंग, ७०आर आणि क्लास ए, म्हणजे हिशोबासाठी ठरवून दिलेल्या वजनाच्या गाड्या. रेल्वेला ब्रिज रूल्स, २५ टन एक्सल लोडिंग. रेल्वेत पुलाच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने गाडीचं वजन मोठं असतं आणि दिवसाला शेकडो वेळा तेच लोड येतं, त्यामुळे स्टीलमध्ये थकवा म्हणजे फटीग डोक्यात ठेवूनच प्रत्येक वेल्ड बघावा लागतो. त्यात ब्रेकिंगचा आडवा जोर, सलग वेल्ड केलेल्या रुळाचा पुलाशी होणारा खेळ, आणि स्टील गर्डरचं डिफ्लेक्शन स्पॅनच्या सहाशेव्या भागाच्या आत. आरडीएसओची (रेल्वेची डिझाइन-संशोधन संस्था) स्टँडर्ड ड्रॉइंग आहेत, त्यात तुमचा स्पॅन बसत असेल तर उगाच नवीन डिझाइनच्या नादाला लागू नका, अप्रूव्हलचे महिने वाचतात.

खारी हवा

वाशीचा पहिला पूल चालू होऊन फार वर्षं झाली नव्हती तोच प्रीस्ट्रेसच्या केबल गंजायला लागल्या आणि दुरुस्त्या मागे लागल्या. गोव्यात मांडवीवरचा पूल तर १९८६ मध्ये पडला, तिथेही केबलचा गंज. त्या पिढीला मिठाचा अंदाज नव्हता, आपल्याला आहे. आयआरसी ११२ मध्ये सगळ्यात वाईट वातावरणासाठी कमीत कमी एम४५ ग्रेडचं काँक्रीट, वॉटर-सिमेंट रेशो ०.३५ पर्यंतच आणि कव्हर ७५ मिमी दिलंय. भरती-ओहोटीत ओला-सुका होणारा भाग हा सगळ्यात धोक्याचा, तिथे अजिबात तडजोड नको. स्लॅग किंवा फ्लाय ॲश टाकलेलं काँक्रीट क्लोराईडला जास्त अडवतं, फक्त सुरुवातीची स्ट्रेंग्थ हळू येते म्हणून शटरिंग काढायचं शेड्यूल त्याप्रमाणे ठेवा.

आणि कव्हर ब्लॉक. साईटवर दगडाचे तुकडे किंवा सळईचे बेंड खाली टाकलेले दिसले तर काम थांबवा. ७५ चं कव्हर ड्रॉइंगवर आणि प्रत्यक्षात ४०, असं झालं की शंभर वर्षांच्या डिझाइनला काही अर्थ रहात नाही.

पाईल: इथे मिनिटागणिक उभं रहायचं

समजा १.२ मीटर डायाची, २२ मीटरची पाईल. हिशोबाचं काँक्रीट सुमारे २५ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या मिक्सरने पाच गाड्या. बोअर झालं, सॉकेट म्हणजे खडकातला भाग झाला, केज म्हणजे सळयांचा पिंजरा उतरला, ट्रेमी म्हणजे काँक्रीट तळाशी सोडायचा पाईप लावून तळ फ्लश केला. आता चेन टाकून खोली परत मोजा, कारण केज उतरवताना दोन्ही बाजूची माती घासून तळाशी बसते आणि मघाशी मोजलेली खोली आता नसते. गाळ असेल तर परत फ्लशिंग, मिक्सर बाहेर हॉर्न वाजवत उभा असला तरी.

काँक्रीट सुरू झालं की प्रत्येक गाडीनंतर चेन टाकायची. एका मीटरला १.१३ घनमीटर लागतं, म्हणजे ६ घनमीटरची गाडी संपली की लेव्हल साधारण ५.३ मीटर वर यायला हवी. सहा-साडेसहा वर आली तर कुठेतरी बाजूची माती आत ढासळून काँक्रीटची जागा खाल्ली आहे, पाईलची मान बारीक झाली. चारच आली तर बाजूला पोकळी होती, काँक्रीट तिकडे गेलं. दोन्ही वेळा तिथल्या तिथे कळतं, नंतर कळून उपयोग नाही. ट्रेमीचं टोक काँक्रीटमध्ये कायम दोन मीटर तरी बुडालेलं पाहिजे. फोरमन पाईप पटापट काढायला बघतो कारण वर ओढायला सोपं जातं, आणि टोक एकदा बाहेर आलं की बेंटोनाईटचा चिखल (बोअरची भिंत धरून ठेवतो तो) काँक्रीटमध्ये शिरला, पाईल दोन तुकड्यात. रात्री तीनला सगळे झोपेत असतात, म्हणून चेन कोणाच्या हातात आणि वही कोणाच्या हातात हे नावाने ठरवून ठेवा. ट्रॅफिकमुळे आरएमसी (तयार काँक्रीटची गाडी) अडकतेच, तेव्हा निदान दोन गाड्या साईटच्या आत आल्याशिवाय पहिली ओतू नका.

नंतर पाईल अखंड आहे का ते बघायला इंटिग्रिटी टेस्ट, मोठ्या पाईलला क्रॉस होल सोनिक. लोड टेस्टमध्ये कामाच्या पाईलवर दीडपट, आणि वेगळ्या टेस्ट पाईलवर अडीचपट लोड.

खाडीतलं कामाचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी मिळालेली ओहोटीची वेळ दोन आठवड्यांनीच परत तशी मिळेल. पाईल कॅपचं खालचं शटरिंग भांगाच्या दिवसांत ठेवा, आणि बार्ज हलवायला उधाणाचं पाणी वापरा. हे प्लॅनिंग इंजिनिअरच्या बार चार्टमध्ये नसतं, तुम्हीच भरतीचं कोष्टक छापून केबिनमध्ये लावा. जून ते सप्टेंबर खाडीतलं काम अर्धं धरूनच चला.

पाईल कॅप, पिअर, पिअर कॅप हे रुटीन आहे. कॅपचं मोठं काँक्रीट असेल तर आतल्या गरमीकडे लक्ष द्या, बर्फ टाकून किंवा रात्री ओता, एवढं पुरे.

प्रीस्ट्रेस

जॅकजवळ गेलात की पहिला नियम, जॅकच्या मागच्या रेषेत कोणी उभं रहायचं नाही. साहेब असले तरी. केबल सुटली तर ती गोळीसारखी येते.

गेजवरचं प्रेशर आणि केबलचं लांबणं दोन्ही जुळलं पाहिजे. ४० मीटरच्या केबलला दोन्ही टोकांची बेरीज अडीचशे ते पावणेतीनशे मिमीच्या घरात येते, आणि हिशोबाच्या आकड्यापासून पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे बारा-चौदा मिमी. प्रेशर आलं पण लांबणं कमी, तर शीथमध्ये, म्हणजे केबलच्या नळीत, काँक्रीट शिरलंय किंवा घर्षण जास्त आहे. लांबणं जास्त तर वायर सरकली किंवा तुटली. दोन्ही वेळा जॅक थांबवा आणि डिझाइनरला फोन करा, वहीत आकडा "बसवायचा" नाही. ग्राउटिंग दोन आठवड्यांच्या आत आणि दुसऱ्या टोकाच्या व्हेंटमधून घट्ट ग्राउट बाहेर येईपर्यंत. वर सांगितलेल्या गंजलेल्या केबलची सुरुवात ग्राउट न भरलेल्या पोकळीतूनच होते.

लाँचिंग आणि ब्लॉक

रेल्वेने तीन तासांचा ट्रॅफिक आणि पॉवर ब्लॉक दिला तर तुमच्याकडे तीन तास नाहीत. शेवटची लोकल गेली, स्टेशन मास्तरकडून प्रायव्हेट नंबर (ब्लॉक दिल्याचा सांकेतिक आकडा) मिळाला, ओएचई बंद झाली, वायरला अर्थिंग लागलं, परमिट हातात आलं, इथे पंचवीस-तीस मिनिटं गेली. मागून तेवढीच, कारण अर्थिंग काढायचं, परमिट परत, ट्रॅक तपासायचा, वायर चार्ज. म्हणजे कामाला दोन तास. त्यात गर्डर उचलून, फिरवून, बेअरिंगवर बसवून, तिरका पडू नये म्हणून टायने बांधून मोकळं व्हायचंय.

यासाठी मिनिटांचा तक्ता करा आणि त्यात एक वेळ लाल रंगात लिहा, की या वेळेला गर्डर जमिनीवरून उचलला गेलेला नसेल तर आज काम रद्द. हा निर्णय कोण घेणार त्याचं नाव आदल्या दिवशीच ठरलेलं पाहिजे, कारण रात्री अडीचला तिथे सगळ्या ऑफिसचे साहेब उभे असतात आणि सगळ्यांना "एवढा आणलाय तर टाकूनच घेऊ" असं वाटत असतं. ब्लॉक फुटला तर सकाळी कल्याण-कर्जत-कसाऱ्याची अख्खी लाईन उशिरा, आणि पुढचा ब्लॉक महिनाभर मिळत नाही. दुसरी क्रेन स्टँडबाय, हायड्रॉलिकचा सुटा होज, जनरेटर, डॉक्टरसकट ॲम्ब्युलन्स, हे खर्चिक वाटतं पण ठेवाच.

३१ जुलै २०२३ ची रात्र उजाडायच्या आत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरजवळ सरलांबेला समृद्धी महामार्गाच्या पुलावर लाँचिंग गर्डर (गर्डर उचलून जागेवर बसवणारं यंत्र, म्हणजे लाँचर) कोसळला आणि २० माणसं गेली. लाँचर ही तात्पुरती वस्तू असते, त्यामुळे तिचं डिझाइन कोणी तपासायचं हा परत हद्दीचा प्रश्न. पुलाला प्रूफ कन्सल्टंट असतो तसा लाँचर, स्टेजिंग, सपोर्ट बीम यांनाही त्रयस्थ तपासणारा हवा, अँकर आणि टायचे बोल्ट प्रत्येक हलवणीआधी सही करून तपासायला हवेत, आणि वारा-पावसात हलवायचं नाही. खाली माणसं झोपलेली किंवा उभी नकोत, हे वेगळं सांगायला नको पण सांगावं लागतं.

कागद

कंटाळवाणं आहे पण ठेकेदार जगतो यावर. जागा मिळाली नाही, ड्रॉइंग उशिरा आलं, ब्लॉक रद्द झाला, या प्रत्येकाचं पत्र त्याच आठवड्यात गेलं पाहिजे. वर्षाने मुदतवाढ मागताना तोंडी गोष्टी कोणी ऐकत नाही. तपासणीची विनंती, क्यूबचे रिझल्ट, चेनची वही, प्रीस्ट्रेसचं रेकॉर्ड, सगळं पिअर नंबरप्रमाणे लावा, तारखेप्रमाणे नको. दुसऱ्या बाजूने, म्हणजे मालकाच्या वतीने काम बघत असाल तर रेल्वेचा भाग आणि अप्रोच यांची एकत्र मीटिंग दर आठवड्याला घ्या. रुळांवर गर्डर उभा आणि दोन्हीकडे रस्त्याचा पत्ता नाही, असे पूल आपण सगळ्यांनी पाहिलेत.

शेवटचे टप्पे

बेअरिंग बसवताना त्याच्यावरचा बाण आणि दिवसाचं तापमान बघा, सरकणारी बाजू उलटी लागली की पहिल्याच उन्हाळ्यात पिअरला तडे. एक्स्पान्शन जॉइंटचं रबर फाटलं की पाणी थेट बेअरिंगवर, म्हणून जॉइंट घाईत ओपनिंगच्या आदल्या रात्री करू नका. पाण्याचे स्पाऊट गर्डरच्या अंगावर गळणार नाहीत इतके खाली काढा. अप्रोचच्या भरावाखाली चिखल असेल तर तो बसणारच, तेव्हा आधी ड्रेन टाकून भराव बसू द्या, नाहीतर पुलावर चढताना गाडीला कायमचा दणका.

लोड टेस्टमध्ये वजन २४ तास ठेवतात, मग काढून परत २४ तासांनी किती वर आला ते बघतात. आरसीसीला ७५ टक्के आणि पीएससीला ८५ टक्के रिकव्हरी यायला हवी. डेक तापून वाकतो, म्हणून तापमानाची करेक्शन घ्यायला आधी एक दिवस नुसतं रीडिंग घ्या. रेल्वेचा पूल असेल तर त्यावरून प्रवासी गाडी सोडायच्या आधी कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टीची मंजुरी, आणि सुरुवातीचे दिवस वेगमर्यादा.

हँडओव्हरच्या फाइलमध्ये ॲज बिल्ट ड्रॉइंग द्या, प्रत्येक पाईलची खरी लांबी आणि प्रत्येक बेअरिंगचा नंबर द्या, आणि बॉक्सच्या आत जायचं झाकण, पिअर कॅपवर उभं रहायची जागा, बेअरिंग बदलताना जॅक कुठे लावायचे त्या जागा ड्रॉइंगवर मार्क करून द्या. वीस वर्षांनी बेअरिंग बदलायला येणाऱ्या माणसाला तुमचा फोन नंबर मिळणार नाही.